मीठ मागायला आलेली फरीबा

फरीबा, परवा दादरला तुझी शोकसभा झाली. तुला जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि तुझं किट निघालं बघ. हो, किट. निळी पिशवी, पिशवीवर तुझा फोटो, फोटोखाली 'फरीबा किट'. आत टॉवेल, साबण, चादर, दोन स्टीलच्या वाट्या आणि बिस्किटांचे पुडे. आपला देश सोडून, जीव वाचवून आलेल्या बायका मुंबईत नव्याने उतरल्या की त्यांना हे वाटायचं, असं संस्थेच्या मॅडमनी माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की उठावं आणि तडक नायगावला घरी चालत सुटावं असं वाटलं.

अगं, तू कधी कुणाच्या दारात पिशवी घेऊन गेलीस? नव्या बाईकडे सगळे काही ना काही घेऊन जायचे. कुणी ब्लँकेट, कुणी तांदूळ, कुणी नातवंडांचे जुने कपडे. तू तेवढी हात हलवत जायचीस आणि दारात उभी राहून त्या बाईकडेच काहीतरी मागायचीस. सुई आहे का, चमचाभर साखर आहे का, जरा ही बाटली उघडून दे, माझ्या हाताला जोर नाही. आणि आता ह्यांनी तुलाच पिशवीवर छापलं.

फोटोपण कुठला, तर आपल्या दोघींचा. माझ्या शिलाईच्या दुकानाबाहेर काढलेला. तू त्यात हसतेयस कारण मी फोटो काढणाऱ्याला शिव्या घालत होते. त्यांनी मला कापून टाकलं, पण माझा हात तुझ्या खांद्यावर होता, तो काही निघेना. त्यामुळे आता सगळ्या पिशव्यांवर तू आहेस आणि तुझ्या खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे. कोणाचा ते कुणाला माहीत नाही. बांगडीला लटकवलेल्या माझ्या सेफ्टी पिनासुद्धा दिसतात. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला हसू येत नाही. मला अजून राग येतोय.

तुला आठवतंय ना, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आमची चाळ उभी होती. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली बंद खोली कुणी अफगाणी बाईने भाड्याने घेतलीय, एवढं चाळीत कळलं होतं. चर्चा तर काय, विचारू नकोस. पोलीस येतील, धाड पडेल, सांभाळून राहा गं. मी ब्लाउजच्या ऑर्डरीत मान वर करत नव्हते, पण कान सगळीकडे होते. आणि एका दुपारी तू सरळ आमच्या दारात. काळा रुमाल, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला, हातात काहीच नाही. "थोडा नमक मिलेगा?"

आई कॉटवर पडली होती. ती उठून बसली. मी डबा काढला, चमच्याने कागदावर मीठ घालत होते, तर आई ओरडली, "कागदावर काय देतेस, वाटीत दे. आपली वाटी दे." आणि तू वाटी घेऊन गेलीस तशी आई पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. मला कळेना हिला झालं काय. "आये, मीठच दिलं ना? एवढं काय?"

आई म्हणाली, "वंदे, गावाला आमच्या दारात द्यायला सगळे यायचे. शिळं, फाटकं, उरलेलं. वरून टाकायचे. घ्यायला कोण कधी आलं नाय गं. आमच्या हातचं कोण खाणार? ही बाई आपल्या घरचं मीठ आपल्या वाटीतून नेऊन जेवणात घालणार."

तुला बिचारीला काय ठाऊक आम्ही कोण, आमच्या हातचं पाणी कोण पीत होतं आणि कोण पीत नव्हतं. पुढे मी तुला सगळं सांगितलं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवून चवदार तळ्यापासून सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि डोळे मोठे करून विचारलंस, "पानी से? पानी से क्या होता है?" हेरातच्या शाळेत मुलींना भूगोल शिकवायचीस तू. नद्या शिकवायचीस. म्हणालीस, "मैं बच्चियों को पढ़ाती थी, पानी किसका होता है. मुझे मालूम नहीं था ये सवाल इतना बड़ा है."

वाटी दुसऱ्या दिवशी परत आली ती भरून. कांद्याच्या पातीची ती तुझी भरलेली रोटी, बोलानी. मी आईकडे बघितलं. आमच्यातही रिकामी वाटी परत देत नाहीत. आईने वाटीतलं काढून घेतलं, तीत दोन बोंबील टाकले आणि तुझ्याच हातात ठेवली. झालं, ती वाटी पुढे कुणाची राहिलीच नाही. कितीतरी वर्षं खालीवर फिरत होती.

आणि एक दिवस तुझ्या खोलीत आले तर फळीवर मिठाचा पुडा. जुना, दोऱ्याने तोंड बांधलेला. मी विचारलं, हा कधीचा? तू खोटं बोलली नाहीस. "जिस दिन आई थी, उस दिन का." म्हणजे मीठ होतं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आमच्या म्हातारीला रडवलंस आणि घरात मीठ होतं? हे नाटक कशाला? आई उपाशी झोपली पण जन्मात कधी कुणाच्या दारात वाटी घेऊन गेली नाही, आणि तू खोटंच मागत फिरतेस? तू शांतपणे चहा ओतत म्हणालीस, "झूठ नहीं, वंदनाजान. बहाना." मी म्हटलं, खोटं ते खोटं. तू म्हणालीस, बहाना वो बहाना. आपला हा वाद त्या दिवशी सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही.

तुझं म्हणणं सोपं होतं. पळून आलेल्या बाईला सगळे देत राहतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिने हात पुढे करायचा आणि शुक्रिया म्हणायचं. हळूहळू तिला वाटायला लागतं की आपल्याकडे आता देण्यासारखं काही उरलंच नाही. म्हणून पहिल्या दिवशी तिच्याकडे काहीतरी माग. एवढंसं माग, पण माग. वाटी परत करायच्या निमित्ताने तुला जावं लागेल, मग तिला यावं लागेल. तू म्हणायचीस, मेरे पास भी पहले साल सिर्फ देनेवाले आए. एक भी माँगनेवाला नहीं आया.

ह्याच तुझ्या बहाण्यावर आपला गुरुवार उभा राहिला. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा तुझ्या ओळखीच्या बायका यायच्या. तुझ्याकडच्या, एकदोघी बर्माच्या बाजूच्या. कुणी हुक लावतंय, कुणी साडीला फॉल लावतंय, हात चालू आणि तोंड चालू. आधी आलेली मागून आलेलीला सांगायची. घरमालकाशी बोलताना मुलाला पुढे करू नकोस, स्वतः बोल. शाळेत पोराला कुणी काही बोललं तर कुठल्या बाईंना भेटायचं. कुठला डॉक्टर ऐकून घेतो आणि कुठला मान वर न करता गोळ्या लिहितो. भाजीवालीला ताई नाही म्हणायचं, मावशी म्हणायचं, मग ती कोथिंबीर घालते. आणि तुझा कडक नियम होता, की 'तिकडे काय झालं' हे कुणी कुणाला विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, नाही तर हुक लाव. कितीतरी बायका वर्षभर नुसते हुक लावत होत्या.

मग मॅडमना आपला शोध लागला. हे बघ, मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. पोरांना शाळेत घेत नव्हते तेव्हा त्या जाऊन भांडल्या, ते खरं आहे. पण आल्यापासून त्यांचं एकच, तुमची स्टोरी सांगा. फरीबाजी, तुम्ही जे सोसलंत ते लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. लोअर परळच्या त्यांच्या काचेच्या ऑफिसात तुला स्टेजवर बसवायचं होतं. तू म्हणालीस, "मैडम, आप मेरे घर आइए, चाय पीजिए, फिर देखेंगे." त्या आल्या. पर्समधून स्वतःची पाण्याची बाटली काढली. चहा पुढे केलास तर म्हणाल्या, "नको नको, ऍक्च्युअली आत्ताच घेऊन निघाले." बोलानी पुढे केलीस, तर डाएट. बदाम पुढे केलेस, तर हात जोडले. आणि जाताना तुझ्या हातात एक ब्लँकेट ठेवून गेल्या. मे महिन्यात ब्लँकेट! मी जिन्यात त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "घोटभर चहा घेतला असता तर काय जीव गेला असता का ह्यांचा?" तू माझं तोंड दाबलंस. कशाला दाबलंस गं? बोलू द्यायचं होतंस.

मला ते नवीन नव्हतं म्हणून जास्त झोंबलं. देतील, भरभरून देतील, पण आपल्या हातचं घेणार नाहीत. आई हयात असती तर तिने बाटलीकडे बघूनच ओळखलं असतं.

आईच्या पुण्यानुमोदनाला तू आली होतीस. आमच्यात त्या दिवशी जो तो उठून बोलतो. भावकीतले बोलले, आमच्या बौद्धजन पंचायतीचे अध्यक्ष बोलले, माझा मामा तर थांबेच ना. तू मला हळूच विचारलंस, "इतना सब क्यों बोलते हैं?" मी म्हटलं, गेलेल्या माणसाचे गुण आठवायचे, पुण्य वाटून घ्यायचं. तेवढ्यात कुणीतरी तुझंच नाव पुकारलं. तू उठलीस, रुमाल नीट केलास आणि म्हणालीस, "ह्या आईने मला मीठ दिलं." मराठीत. बसलीस. आख्ख्या कार्यक्रमात आईबद्दल खरं बोललेलं ते एकच वाक्य होतं. बाकीचे सगळे स्वतःबद्दलच बोलत होते.

टॉवर बांधायला चाळ पाडणार म्हणून ती रिकामी करायची वेळ आली तेव्हा आम्हाला बाहेर राहायचं भाडं मिळालं, पुढे टॉवरमध्ये घर मिळणार होतं. तुला काय मिळालं? 'भाडोत्री ना तुम्ही? निघा.' तू निघालीस, कॉटन ग्रीनला एका गोदामामागच्या जुन्या इमारतीत खोली बघितलीस, आणि सामान टाकून परत आलीस. का, तर माझं सामान बांधायला. मी बसले होते मध्यभागी, आईची पितळी घागर मांडीवर घेऊन, रडत. जन्म तिथे गेला माझा. तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि वर्गात शिकवल्यासारखं सांगायला लागलीस. रडून घे, पण हात चालू ठेव. चूल शेवटी बांध आणि तिकडे पहिली सोड. पहिल्या दिवशी भात लाव, मग बाकीची बोचकी उघड. भिंतींकडे बघत बसू नकोस, भिंती येणार नाहीत. मी म्हटलं, तुला काय गं, तुला सवय आहे. आणि तू म्हणालीस, "हाँ. इसलिए तो आई हूँ." निर्वासित तू, आणि घर सोडायला मला शिकवत होतीस. हे त्या मॅडमच्या स्टोरीत कुठे बसतं सांग.

टॉवरमध्ये गेल्यावर मात्र तुझा बहाणा सपशेल आपटला. आठवतं? तू पिच्छाच पुरवलास, जा, बाजूच्या घरी जा, कुछ माँग. शेवटी मी वाटी घेऊन गेले, हळद मागायला. दार एवढंसं उघडलं. बाई चांगली होती, पण म्हणाली, "अहो, हळद मोबाईलवरून दहा मिनिटांत येते. ऍप घालून देऊ का?" मी रिकामी वाटी घेऊन परत. तुला फोनवर सांगितलं तर तू हसता हसता खोकायला लागलीस. तेव्हा मला वाटलं, हसण्याचाच ठसका. आता वाटतं, तो दुखण्याचा खोकला होता. दुसऱ्या दिवशी तू स्वतः आलीस, त्याच बाईची बेल वाजवलीस आणि म्हणालीस, मला मोबाईल समजत नाही, जरा शिकवाल? तिने तुला आत घेतलं. चहा पाजला. आता ती बाई मला भाकरीचं पीठ मागते.

मग मरजान आली. तुझ्याच गावाकडची, तुझी मुलगी शोभेल एवढ्या वयाची, सोबत लहान मुलगी. कॉटन ग्रीनला तुझ्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. मुलीशीही बोलत नव्हती, हातानेच खुणा. मॅडम येऊन गेल्या, समुपदेशनवाल्या बाई येऊन गेल्या, पिशव्या येऊन पडल्या. तू जायचीस आणि दारातून काहीतरी मागायचीस. सुई. काडेपेटी. लिंबू. ती आत जायची, वस्तू आणून तुझ्या हातावर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. तू दुसऱ्या दिवशी परत करायचीस, सोबत काहीतरी ठेवून. मी म्हटलं, ती मुकी झालीय गं, तिला सुया मागून काय होणार आहे? तू म्हणालीस, "देती तो है. जो देती है वो बोलेगी."

आणि ते जिने चढता-उतरतानाच तू गेलीस. मरजानकडून खाली येताना जिन्यात बसलीस, आणि उठलीच नाहीस.

आता तू माझं ऐक. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावणार आहे. तुझ्या शेजारणीने मला दफनाच्या दिवशी सांगितलं. पुरुष माणसं तुला घेऊन गेली होती, आम्ही बायका खोलीत बसलो होतो, तेव्हा सांगितलं. म्हणे किती दिवस तुझ्या छातीत दुखत होतं. डावा हात चोळत बसायचीस. दम लागायचा, मध्येच थांबायचीस. ती म्हणाली, वंदनाला फोन लावू का, तर तू म्हणालीस, शादी का सीज़न है, उसको काम है.

काम? ब्लाउज होते गं ते, ब्लाउज! नवरीच्या मावशीचा ब्लाउज चार दिवस उशिरा मिळाला असता तर लग्न मोडलं असतं का? आख्ख्या मुंबईकडे तू मागत फिरलीस. मीठ, सुई, लिंबू, काडेपेटी. जे तुझ्या फळीवर पडलेलं होतं ते मागितलंस, आणि जे खरं हवं होतं ते मागायला तुझी जीभ रेटली नाही? 'वंदना, टॅक्सी कर, मला दवाखान्यात ने.' एवढं एक वाक्य. हुक लावता लावता म्हणायचं होतंस. मी मशीनवरून तशीच उठले असते, कात्री हातात घेऊन उठले असते.

बायकांना सगळं शिकवलंस, पण गरज असताना कसं मागायचं ते शिकवलं नाहीस, कारण तुलाच ते येत नव्हतं. हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते. तू नाहीस म्हणून कागदावर बोलतेय.

तिसऱ्या दिवशी घरमालकाचा फोन, खोली कधी मोकळी करताय. तुझा मुलगा परदेशातून मोबाईलवर नुसता रडत होता. त्याला तिकडच्यांनी घेतलं, तुझी तिकडे जायची फाईल मात्र वर्षानुवर्षं चालूच होती. अजून चालू आहे म्हणे. चालू दे. मी आणि आपल्या गुरुवारच्या बायकांनी मिळून तुझी खोली आवरली. फळीवर तो मिठाचा पुडा तसाच होता, दगड झालेला. आईची वाटीपण होती.

आणि मग हे शोकसभेचं निघालं. मेल्या म्हशीला मणभर दूध. हॉलमध्ये एसी, फुलं, तुझा फोटो, माझा हात. सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर्वस्व गमावलेली एक असहाय स्त्री. कोण असहाय? जिने माझ्या आख्ख्या घराची बोचकी दोन दिवसांत बांधून काढली ती? मग मॅडम तुझी स्टोरी सांगायला उठल्या. जी तू त्यांना कधी सांगितलीच नव्हतीस ती. कुठूनतरी ऐकलेलं, त्यात बाकीच्यांचं मिसळलेलं. बॉम्ब, नवरा, सरहद्द. आपल्या गुरुवारच्या बायका मागच्या रांगेत माना खाली घालून बसल्या होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, उद्या मी मेले तर माझंही असंच करतील.

मग पहिलं किट द्यायला त्यांनी मरजानला स्टेजवर बोलावलं. बोलावलं कसलं, दोघींनी धरून आणलं. फोटोवाला म्हणतो, मॅडम, पिशवी जरा वर धरा, लोगो दिसू दे. ताई, जरा इकडे बघा, थोडं हसा. ती पोरगी पिशवी छातीशी आवळून स्वतःच्या पायांकडे बघत होती. आणि माझं नाव पुकारलं, श्रीमती वंदनाताई, मैत्रीण, दोन मिनिटं बोलतील.

मी ठरवून आले होते की सगळ्यांची खरडपट्टी काढायची. वाक्यं पाठ होती. स्टेजवर चढले, माइक हातात आला आणि समोर मरजान. मी माइक खाली ठेवला, तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "मरजान, सेफ्टी पिन है क्या? मेरा पदर गिर रहा है."

मॅडम पुढे झाल्या, हळूच म्हणाल्या, "वंदनाताई, अहो, तुमच्या बांगडीलाच आहेत की पिना." होत्याच. पाच-सहा लटकत होत्या. टेलर बाई मी, माझ्याकडे पिन नसेल तर कुणाकडे असेल? वर फोटोतसुद्धा दिसत होत्या मेल्या. मी मॅडमकडे बघितलंच नाही. मी हात पुढे करून उभी.

मरजानने माझ्या बांगडीकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. आणि मला दिसलं, तिला कळलं. पिन आहे हे कळलं, आणि मी कुणाचं माणूस हेही कळलं. तिने ती निळी पिशवी खाली ठेवली, अगदी सावकाश, स्टेजच्या लाद्यांवर. रुमालात हनुवटीखाली दोन पिना होत्या, त्यातली एक काढली. माझ्या हातात दिली नाही. माझा पदर खांद्यावर उचलला, निऱ्या एकसारख्या केल्या, आणि मी जरा हलले तशी म्हणाली, "हिलो मत."

फरीबा, तिचा आवाज घोगरा आहे. तुला ऐकायला मिळाला नाही. मागच्या रांगेतल्या आपल्या बायका उठून उभ्या राहिल्या. फोटोवाल्याने फोटो काढला असेल तर माहीत नाही. मी मरजानचा हात धरून खाली उतरले. दोन मिनिटं संपली होती. पिशवी तिथेच राहिली.

वाद मी हरले असं मात्र समजू नकोस. ते खोटंच होतं. पिना होत्या आणि तरी मी पिन मागितली. खोटं ते खोटं.

काल सकाळी पिन परत करायला कॉटन ग्रीनला गेले. पिन रिकामी कशी द्यायची, म्हणून आईच्या वाटीत तिळाची चटणी घेतली, त्यावर कागद, कागदावर पिन. तुझ्या दारावरूनच वर गेले. नवं कुलूप लागलंय. मरजानने दार उघडलं. पूर्ण उघडलं. वाटी घेतली, पिन रुमालाला लावली. मी म्हटलं, चलते, दुकान उघडायचंय, लग्नाच्या ऑर्डरी पडल्यात. वळलेसुद्धा.

तर तिने मागून माझा पदर धरला. आत मुलगी कॉटवर निजलेली, तोंड लाल झालेलं. मरजान म्हणाली, "बच्ची को बुखार है. मुझे डर लगता है. दवाखाने साथ चलो. अभी."

मी खाली जाऊन टॅक्सी थांबवली. पोरीला मांडीवर घेतलं, मरजानला बाजूला बसवलं, आणि दरवाजा ओढून घेताना त्या जिन्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, ड्रायव्हरने वळून बघितलं तरी म्हटलं, "बघ गं फरीबा. असं मागायचं असतं."